दर दुसऱ्या शनिवारी राखी

आमची मंदामावशी एक नंबरची खोटारडी होती.

आज सकाळी गेली.

आई वारली तेव्हा मी नऊ वर्षांची, धाकटा भाऊ विकी पाचचा. मला दहिसरच्या मुलींच्या बालगृहात टाकलं, त्याला देवनारच्या मुलांच्या. मधे अख्खी मुंबई.

भेट वर्षातून दोनदा. राखी आणि भाऊबीज. रूल म्हणजे रूल.

मंदामावशी आमच्याकडे मुलींना सांभाळायला होती. मी तीन दिवस जेवले नाही, तेव्हा तिने पदर खोचून देवनारच्या सरांना फोन लावला.

"साहेबांनू, उद्या विकीक घेवन येवा. राखी हा."

"मावशी, राखी गेल्या महिन्यात झाली ना?"

"ती देशावरली. ही मालवणची."

पुढच्या महिन्यात वेंगुर्ल्याची. मग सावंतवाडीची. होळीपर्यंत अख्खा सिंधुदुर्ग संपला, बाईने रत्नागिरी सुरू केली.

सर बिचारे लातूरचे. त्यांना पटायचं की कळूनही गप्प बसायचे, देव जाणे. पण महिन्याच्या दर दुसऱ्या शनिवारी विकीला घेऊन यायचे.

राखी म्हणजे मिठाईच्या खोक्याची सोनेरी दोरी. ओवाळणी म्हणजे मावशीच्या शिऱ्यातले बेदाणे. विकी तोंडातून काढून द्यायचा, घाणेरडा. मी खायचे.

मग एकदा तपासणीला मोठ्या मॅडम आल्या. नेमका शनिवार. विकीचा हात बघून त्यांनी लाडाने विचारलं, "रक्षाबंधन कधी असतं रे बाळा?"

"दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी!"

वाट लागली.

मॅडमनी मावशीकडे पाहिलं. मावशीने पंख्याकडे.

मॅडम रजिस्टरमध्ये बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या. मी विकीचा शर्ट घट्ट धरून ठेवला. आता हा परत येत नाही, एवढंच डोक्यात.

त्या गेल्यावर मावशीने मला वाचायला लावलं. लिहिलं होतं, या भावंडांची भेट दर महिन्याला घडवावी.

मावशी मटकन खाली बसली. "मगे मी येवढां खोटां कित्याक बोललंय गो?"

आणि रडली. मी पण.

परवानगी मिळाली तरी राखी सुटली नाही. नुसत्या भेटीला विकी तयारच नव्हता. "राखी नाय तर मी चाललो," म्हणायचा.

आज तो चारकोपला नोकरीला आहे, मी मुलुंडला. सकाळी मी सुट्टी मागितली तर साहेबांनी विचारलं, "मावशी सख्खी होती का?"

"सख्खी," म्हटलं.

स्मशानात विकी भेटला. त्यालाही कंपनीत हेच विचारलं होतं. त्यानेही हेच सांगितलं. दोघं तिथेच हसायला लागलो, लोक बघत राहिले. मग मात्र काही आवरलं नाही.

मावशी, येत्या दुसऱ्या शनिवारी विकी घरी येतोय. दोरी जपून ठेवलीय. शिरा तुझ्यासारखा होणार नाही, पण बेदाणे भरपूर घालेन.

नीट जा गं.

तुझी दहिसरची पोर आणि देवनारचा पोरगा.