चहा नको, कडी पाहिजे

सून चहात विलायची ठेचून टाकते, तेव्हा माझं डोकं आजही फिरतं. तो वास मला पन्नासेक वर्षांमागच्या नागपूरच्या कापड गिरणीत, मॅनेजरच्या केबिनमध्ये नेऊन उभं करतो.

तक्रार साधी होती. बायकांच्या संडासाची कडी तुटली होती. एक आत गेली की दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं, आणि तेवढ्यात मशीनवर सूत तुटलं की मुकादम दोघींवर खेकसायचा. शेवटी माझ्या शेजारच्या मशीनवरची सुलोचनाबाई आणि मी साहेबांकडे गेलो.

आमचं ऐकण्याआधीच साहेबांनी घंटी वाजवली. "बसा बाई, चहा घ्या." शिपायानं विलायचीच्या चहाचे कप आणून ठेवले. मग साहेब फाइल चाळत म्हणाले, "पाहू आपण." त्यांची रीतच होती ती. गेलेला माणूस चहा पिऊन बाहेर यायचा, आणि चहाबरोबर तक्रारही पोटात जायची.

सुलोचनाबाईनं कप मागे सारला. "चहा नको साहेब, कडी पायजे. चहा पेल्यावर तं आमाले अजूनच तिकडे जा लागते."

साहेब लाल झाले. कडी तुटल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, चहा नाकारल्याचं मात्र झोंबलं. "एवढा मान देतो, तरी तुम्हाला माज."

तेव्हा मला भीती वाटली होती. आता नुसती चीड येते. तो संडास त्यांच्या खिडकीतून दिसायचा. उठून पाहिलं असतं, सुताराला हाक मारली असती, तर चहा निवायच्या आत कडी बसली असती.

पण त्यांना मान द्यायचा होता. आम्हाला दार लावायचं होतं.