ट्विलाचं पाणी

आमच्या केंटकीच्या डोंगरात ट्विला कॉम्ब्ससारखा मक्याचा पाव कुणाला जमत नसे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जड पातेली उचलून तिची पाठ गेली, डॉक्टरांनी दुखणं मारायच्या गोळ्या दिल्या, आणि पुढं त्या गोळ्यांच्या नशेनं तिला सोडलं नाही. चार गोळ्या विकताना पकडली. कोर्टानं विचारलं, चार वर्षं तुरुंग की चौदा महिने आमच्या देखरेखीखाली उपचार? तिनं उपचार घेतले. मीही त्याच फेऱ्यात होतो.

प्रत्येकाला एकेक रंग ठरवून दिलेला. रोज सकाळी एका नंबरवर फोन करायचा. ध्वनिमुद्रित बाई एक रंग सांगते. तो आपला असला तर दुपारच्या आत जाऊन, कुणीतरी बघत असताना, नशेच्या तपासणीला लघवी द्यायची. कुणाच्या नजरेपुढं ट्विलाला ते जमेना. न देणं म्हणजे नापास. म्हणून ती घटाघटा पाणी प्यायची. पण लघवी पाण्यासारखी निघाली तर नशा लपवली असं धरतात. असं दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं की थेट तुरुंग. सुटकेला अकरा दिवस उरले असताना तिचा रंग निघाला.

तिला तपासणीला नेताना मी गाडीतच ओरडलो, "ठेव ती बाटली! तिसरी वेळ आहे ही!"

"तुला काय जातंय सांगायला, वेंडेल? भिंतीकडं तोंड केलंस की झालं. माझ्यापुढं ती बया घड्याळ बघत उभी राहते."

ती प्यायली. गुरुवारी कोर्टात जजसाहेबांनी तपासणीचा कागद वाचला.

"नशा लपवायला पाणी प्यायलात?"

"नाही हो साहेब. चौदा महिन्यांत गोळीला हात लावला नाही. कुणी बघत असलं की होतच नाही मला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. जजसाहेब माणूस वाईट नव्हे, पण म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." शिपायानं तिला बेड्या घातल्या.

लगेच माझं नाव पुकारलं. "वेंडेल स्टॅम्पर, नशेविना दोनशे स्वच्छ दिवस!"

शनिवारी मी दोन गोळ्या खाल्ल्या होत्या. माझा रंग बुधवारपर्यंत निघालाच नाही, आणि तोवर अंगातून सगळं धुऊन गेलं होतं. हे तिथंच सांगायला हवं होतं. सगळं कोर्ट टाळ्या वाजवायला लागलं. दाराशी ट्विला थांबली होती. बेड्या पुढून घातलेल्या, म्हणून तिलाही टाळ्या वाजवता येत होत्या, आणि ती वाजवत होती.

मी हसून मान लववली.