परळी ते परळी, राखेच्या गाडीतून

१२ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राबाहेर गाड्यांची लांब रांग लागली होती आणि आमची गाडी तिच्या मध्यावर उभी होती. बाहेर धुके आहे असे मला प्रथम वाटले. काचेवरून बोट फिरवले, तेव्हा बोट करडे झाले.

गाडी म्हणजे बल्कर. मागे आडवी पोलादी टाकी आणि तिच्यात जळून गेलेल्या कोळशाची मैद्यासारखी बारीक राख. ती पुण्यापलीकडच्या काँक्रीटच्या कारखान्यात पोचवायची आणि रिकामे परतायचे. चालक माझे वडील, अण्णा, वय एकोणपन्नास. या धंद्यात ते तीन वर्षांपूर्वी आले. त्याआधी ऐन उमेदीची सगळी वर्षे त्यांनी परळीतल्या एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. लग्नांत डीजे शिरले, बँडची बोलावणी आटली आणि अण्णांनी शेहेचाळिसाव्या वर्षी अवजड वाहनाचा परवाना काढला. "लोकांच्या वराती पोचवल्या, पण मांडवाच्या पुढं कधी गेलोच न्हाई," असे ते म्हणत. गाडीने त्यांना गुजरात दाखवले, तेलंगण दाखवले, आणि दुसऱ्या वर्षापासून खोकला दिला.

मी पुण्यात श्वसनक्रियेचा अभ्यास करते. राखवाहू चालकांच्या फुप्फुसांवर संशोधनाचा प्रस्ताव लिहायचा होता आणि प्राथमिक नोंदींसाठी वडिलांइतका सोयीचा माणूस दुसरा नव्हता. सोबत एक प्लास्टिकची नळी होती. छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत धरायची आणि एकदाच जोरात फुंकायचे. हवा किती वेगाने बाहेर पडली ते काटा मिनिटाला लिटरमध्ये दाखवतो. अण्णांच्या वयाला आणि उंचीला काटा पाचशेच्या आसपास जायला हवा. तीनशेच्या खाली आला तर राखेच्या जवळही फिरकायचे नाही, असे बीडच्या डॉक्टरांनी बजावले होते. त्यावरून घरी आमचा करार झाला होता: तीनशेच्या खाली आकडा आला, की अण्णांनी गाडी सोडायची.

"राखेपासून लांब गेलं की आकडा वाढेल, असा माझा अंदाज आहे," मी रांगेत सांगितले.

"म्हंजी परळीत कमी, पुण्याकडं जास्त?"

"हो."

"बरं हाय की."

ज्याची चाचणी घ्यायची त्याला अपेक्षित उत्तर सांगू नये, हे मी कनिष्ठ विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. त्या सकाळी माझ्या ते लक्षातही आले नाही. अण्णांनी फुंकले. ३२०.

तेलगाव, वडवणी या बाजूचा रस्ता या दिवसांत उसाचा असतो. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर भांडी, कोंबड्या आणि स्वेटर घातलेली झोपाळू मुले. तोडीला निघालेली ही कुटुंबे आमच्या गाडीकडे पाहून नाकाला पदर लावत. अण्णा प्रत्येक ट्रॅक्टरला हॉर्न देत आणि त्या हॉर्नलाही त्यांनी वरातीचा ठेका लावला होता.

बीडमध्ये चहाला थांबलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लासचे फलक आणि त्यांच्यावर गुणवंत मुलांचे चेहरे. बारावीनंतर असल्याच एका फलकावर माझाही फोटो लागला होता आणि अण्णांनी गणवेश चढवून त्याखाली उभ्याने ट्रम्पेट वाजवला होता. मी तेव्हा शरमेने रिक्षात बसून राहिले होते. "आता दुसरीच पोरगी हाय तिथं," अण्णा चहा फुंकत म्हणाले. "डोळं तुझ्यावानी न्हाईत पन." नोंद: ३५०.

बीडच्या पुढचा घाट चढताना त्यांचे बोलणे थांबले. वर पोचल्यावर ते टायर ठोकून पाहायला उतरले आणि परत आल्यावर दाराची कडी धरून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय झालं, अण्णा?"

"कडी पक्की हाय का बघतो."

मी हसले. श्वासांची गती मात्र मोजली नाही; ती माझ्या तक्त्यात नव्हती.

कारखान्यात टाकी रिकामी करताना हवेचा दाब देऊन राख वर ढकलतात. जोडाच्या फटींतून ती बाहेर उडते. अण्णांनी तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि मला केबिनमधून उतरू दिले नाही. तासाभराने त्यांनी फुंकले तेव्हा काटा ४१० वर गेला. माझा अंदाज खरा ठरत होता. परतीच्या वाटेवर हलत्या केबिनमध्ये मी प्रस्तावाचा पहिला परिच्छेद लिहूनही टाकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कडा या गावी थांबलो. साखर कारखान्यामुळे सगळ्या गावात मळीचा आंबूस वास होता. अण्णांचे जुने सोबती रशीदचाचा इथे पंक्चर काढतात. ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आणि अण्णांना अजून नावाने हाक मारत.

"काय बे भीमा, अजून जिता हाईस?"

"तुला पोचवल्याबिगर कसा जाऊ?"

चाचींनी दुकानामागच्या खोलीतून येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची आमटी) आणि भाकरी आणून दिली. लई तिखट होते. जेवण्याआधी नेहमीची नोंद घ्यावी म्हणून मी नळी पुढे केली. परळी जवळ येत होती. आकडा आता उतरायला हवा होता. अण्णांनी फुंकले. ३८०. अगदी हवा तेवढाच उतरला.

रशीदचाचा मांडीवर थाप मारून हसू लागले. "अरे, हे तर तसंच! बेडूक!"

"बेडूक?" मी विचारले.

"आमी बँडमधी बेडूकच म्हनायचो याला. बाकीचे छातीनं वाजवायचे. तुझा बाप गालात हवा कोंडायचा आन पिचकारी मारायचा. मास्तर लई शिव्या द्यायचा, पन सूर काय हालायचा न्हाई. आता फुंकलं ना, तसंच. छाती हालली तरी का बघ."

"गप बे. पंक्चर काढ जा."

"कुनाचं? तुझं?"

गालांत कोंडलेली हवा एका झटक्यात सोडली, तर काटा उसळतो. त्यात फुप्फुसांचा वाटा जवळपास नसतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी भाकरीचे दोन तुकडे केले, मग चार, आणि एकही तोंडात घातला नाही.

आष्टी, जामखेड, पुन्हा तोच घाट. बीड मागे पडले.

"का फसवलंत, अण्णा?" मी अखेर विचारले.

"तूच सांगितलंस ना, कुठं किती पाहिजे ते."

"गाडी सोडावी लागेल म्हणून?"

त्यांनी उसाच्या ट्रॅक्टरला वाट दिली. हॉर्न वाजवला नाही. "आधी वाजवनं गेलं, माय. ते डीजेनं नेलं, मी सोडलं नव्हतं. पन्नाशीला टेकताना पुन्यांदा शिकलो. आता हे बी गेलं, तर सकाळी उठून करू काय? आरशात बघत बसू?"

"श्वास राहिला पाहिजे."

"राहील की. घरी बसल्या बी राहील. तो घेऊन करायचं काय, ते तुझ्या नळीत हाय का?"



परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. गाडी पुन्हा भरणीच्या रांगेत लागली आणि अण्णांनी हातब्रेक ओढला. मी नळी पुसून त्यांच्या ओठांत दिली. मग दोन्ही तळवे त्यांच्या गालांवर ठेवून घट्ट दाबले. दाढीच्या खुंटांत राख होती. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"छातीनं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि फुंकले. माझ्या तळव्यांखाली गाल एकदाच फडफडले. मग खोकला आला आणि मी हात काढले तरी तो थांबला नाही.

सावरल्यावर त्यांनी काटा स्वतः वाचला.

"खरा हाय का ह्यो?"

"हो."

ट्रम्पेटचे तोंड पुसावे तसे त्यांनी नळीचे तोंड सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि ती मला परत दिली. पुढची गाडी सरकली. आमची हलली नाही.

मागून हॉर्न वाजू लागले. "ए अण्णा, झोपला का?" मागचा चालक खिडकीतून ओरडला.

अण्णा खाली उतरले. "तू घे बे पुढं. माझं झालं." मग त्यांनी मालकाला फोन लावला. दुसरा माणूस बघा, गाडी रांगेत उभी आहे, एवढेच बोलले. सीटमागून टॉवेल आणि जेवणाचा डबा काढला आणि किल्ली जागेवरच ठेवली. फाटकापासून रिक्षापर्यंतच्या वाटेत ते दोनदा थांबले. धरायला कडी नव्हती. दुसऱ्या वेळी त्यांनी माझा खांदा धरला.

प्रवासाहून परतलेल्या माणसाला काय आणले असे विचारतात. मी वडिलांना वाचवून आणले, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. मी जे मोजायला निघाले होते ते मोजले. जे हरवले त्याला एकक नाही. त्यांचा शब्द त्यांनी पाळला. सकाळी उठून करायचे काय, हा त्यांचा प्रश्न मी तसाच सोडून पुण्याला आले.

प्रस्तावाचा तो परिच्छेद मी खोडला. गाल न धरता घेतलेल्या सगळ्या नोंदी रद्द केल्या. एकच उरली: २४०.