‘राजीखुशीने’ लिहिण्याआधी

पाथरीच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणारा हा माणूस माझ्या रोजच्या रामरामातला. बहिणी बापाच्या जमिनीतला वाटा भावांना सोडून देतात, ती हक्कसोडपत्रं हाच टाइप करतो. ‘राजीखुशीने’ हा शब्द आला की त्याची बोटं थांबतात. “ताई, लिहू का?” भाऊच उत्तर देऊ लागला तर म्हणतो, “तुमी नका बोलू. त्यांना बोलू द्या.” या सवयीचं मी चारचौघांत लय कौतुक केलेलं.

परवा मी माझ्या बहिणीला घेऊन गेलो. त्यानं तेच विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघू लागली.

“लिहा हो, घरचंच तर हाय,” मी म्हणालो.

“तुमी जरा चहा पिऊन या,” तो म्हणाला.

समोरच्या टपरीवर मी एकामागून एक दोन चहा प्यालो. टाइपरायटर वाजला नाही.