पणजोबांची नेसण

माझे पणजोबा संगीत नाटकांत बायकांची कामं करायचे. तेव्हा स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. बुधवार पेठेतलं त्यांचं नाटकगृह कधीच गेलं, तिथे आता विजेच्या सामानाची दुकानं आहेत. पण त्यांची नऊवारी नेसायची रीत आमच्या घरात राहिली. बसून पद गायलं आणि झटकन उठलं, तरी निऱ्या जागच्या हलत नाहीत. नाटकाला आलेल्या बायका ती पाहून घरी तशीच नेसू लागल्या, असं आजी सांगायची. आई मात्र म्हणायची, "कुणी विचारलं तर पणजीची रीत म्हण. लोक हसतात."

मुलीच्या लग्नात मी तिला तशीच नेसवली. विहीणबाई निरखून म्हणाल्या, "अहो, किती सुंदर! आपल्या मराठी बायकांनीच जपलं हो हे. ही रीत कुणाची?"

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि खोली पाहुण्यांनी भरलेली होती. पण पणजोबांना पुन्हा लपवणं मला जमेना.

"माझ्या पणजोबांची," मी म्हणाले. "ते नाटकात नायिका व्हायचे."

मग विहीणबाई दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलंत? आणि तुम्हाला धोतरावर पट्टा लागतो!"

सगळे हसले, पण पणजोबांना नाही. विहीणबाईंनी दार लावलं आणि म्हणाल्या, "मलाही तशीच नेसवा."

मंगलाष्टकांच्या वेळी वधू आणि वरमाई, दोघी माझ्या पणजोबांसारख्या नेसून उभ्या होत्या.