पंचनाम्यातून सुटलेला नारळ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण एका शिडाच्या होडीची चोरी काही केल्या डोक्यातून जात नाही. नव्वदचं दशक निम्मं उलटलं होतं आणि मी पेणजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

हद्दीतल्या एका खाडीकाठच्या गावात होड्यांचं मंडळ होतं. शिडाच्या पाच होड्या, पाचही सामाईक. गावातली आगरी-कोळी मंडळी, शाळेचे गुरुजी आणि कारखान्यात नोकरीला असलेले काही जण मिळून ते चालवत. नारळी पौर्णिमेनंतर मुलांना शीड हाकायला शिकवायचं आणि शर्यती लावायच्या. पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकायच्या आणि दर रविवारी शाळेत बैठक भरवायची. कुठल्या होडीचं काम आधी काढायचं, नवं शीड कुठल्या होडीला, पुढच्या हंगामात कोण कुठल्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस, हे सगळं तिथं ठरे. ठरलेलं गुरुजी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवत.

त्या वर्षी बैठकीत वाजलं. सगळ्यात जुन्या होडीचा तांडेल पस्तिशीचा, डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला. तो म्हणाला, "तळाची फळी कुजलीय. आत्ताच रोह्याच्या मिस्त्रीकडं नेऊया. मागनं त्याच्याकडं रांग लागते." अध्यक्ष म्हणजे कारखान्यातले एक साहेब, नुकतेच बदलून आलेले. माणूस सरळ, पण कागदाचा. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात पाहणी करू, मग ठराव करू." तांडेल तडकला. "ठराव तरंगणार हाय का पाण्यावर? त्या होडीत पोरं बसतात आमची!" असं म्हणून तो निघून गेला.

चौथ्या दिवशी अध्यक्ष अर्ज घेऊन ठाण्यात हजर. होडी गायब, तांडेलही घरी नाही. मी हवालदारांना घेऊन स्थळपाहणीला गेलो. सगळं गाव लावणीला शेतात, त्यामुळं अध्यक्षांबरोबर आलेले कारखान्यातलेच दोघे पंच घेतले. झाप बाजूला पडलेले, चिखलात टेम्पोच्या चाकांचे माग. पंचनामा हवालदारांनी लिहिला आणि मी सही ठोकली. गुन्हा तेवढा दाखल करायचा ठेवला, कारण आधी माणूस हाती लागू दे असं मनात होतं.

खबर खांब गावाहून आली. हायवेवरच्या चहावाल्यानं आमच्या शिपायाला हसत हसत सांगितलं, "परवा पहाटे टेम्पोवरून होडी चाललेली पाहिली, रोह्याच्या बाजूला." आम्ही तडक रोहा गाठलं. नदीकाठी मिस्त्रीच्या मांडवात होडी पालथी घातलेली, आणि आमचा गडी तिची जुनी फळी उचकटत बसलेला. मला पाहून तो उठला, हात पुसले आणि निमूट जीपमध्ये बसला.

खरं सांगतो, मला चेव चढला होता. दोन दिवसांत माल आणि आरोपी दोन्ही! ठाण्यात आणून त्याला बाकावर बसवला आणि सुरू झालो. "डागडुजी करून परस्पर विकणार होतास ना?"

"नाय साहेब. कामाला नेली. मजुरी माझ्या अंगावर. नारळ ठेवलाय ना जागेवर."

"कसला नारळ?"

त्यानं सांगितलं. गावची रीत अशी, की सामाईक होडी कुणाला न विचारता न्यायची वेळ आली, तर तिच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला त्याच होडीच्या दोरीचा तुकडा बांधून. म्हणजे नेणाऱ्यानं जबाबदारी घेतली, होडी परत येणार. होडी येईपर्यंत त्या नारळाला गावातलं कुणी हात लावत नाही.

मी अध्यक्षांना आणि गुरुजींना बोलावून घेतलं. अध्यक्षांना ही रीत ठाऊकच नव्हती. गुरुजी मान खाली घालून म्हणाले, "रीत खरी आहे साहेब. पण नारळ कुणीच पाहिला नाही. पाहिला असता तर मीच अर्ज देऊ दिला नसता." पंचनामा काढला. त्यातही नारळाचं नाव नाही.

झालं! माझा पारा चढला. चांगला तासभर मी त्या माणसाला फैलावर घेतलं. गुरुजींच्या देखत म्हणालो, "चोर तर आहेसच, वर देवाधर्माच्या नावानं खोटं बोलतोस!" तोवर तो शांत होता. त्या वाक्यावर त्याचा चेहरा पडला तो पडलाच.

दाराशी त्याची बायको डबा घेऊन उभी होती. मला म्हणाली, "साहेब, सहा वर्सं ठेकेदाराकडं काढली त्यानं. आता कुठं कंपनीत कायम होतोय. तुमचा कागद वाईट गेला तर संपलं हो सगळं." तो कागद, त्याच्या चारित्र्य पडताळणीचा, माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्हा नोंदवला की त्यावर शेरा मारणं भाग होतं. मी गुन्हा नोंदवायला घेतला.

तेवढ्यात हवालदार घसा खाकरत म्हणाले, "साहेब, जरा बाहेर येता का?"

बाहेर त्यांनी मला भिंतीच्या कडेला घेतलं. ते साताऱ्याकडचे, इथं बदलून येईपर्यंत खाडी कधी न पाहिलेले. "साहेब, तिथं एक नारळ पडला होता. म्हटलं वाया जाईल. मेसमध्ये दिला."

"दोरी होती त्याला?"

"होती. काढून टाकली."

मी कपाळावर हात मारला. परवा रात्री मेसमध्ये माशाचं कालवण झकास झालं होतं, आणि मी दोनदा मागून घेतलं होतं. त्या माणसाच्या बाजूचा एकमेव पुरावा आम्ही पोलिसांनीच खाल्ला होता! हवालदारांवर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पंचनाम्यावर सही माझी होती.

गप्प बसता आलं असतं. बसावं असं क्षणभर वाटलंही, खोटं कशाला बोलू. पण ती बाई अजून दाराशी उभी होती. मी स्टेशन डायरीत खरं काय ते लिहिलं, हवालदारांचा जबाब घेतला, तांडेलाला घरी सोडलं आणि रविवारी वर्दीवर शाळेत गेलो. सगळं मंडळ जमलं होतं. नारळ होता, तो आम्ही उचलला आणि खाल्ला, हे तसंच्या तसं सांगितलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी तिथंच अर्ज मागं घेतला आणि तांडेलाची माफी मागितली.

मी तांडेलाला म्हटलं, "तुझा कागद उद्याच पाठवतो. काही शेरा नाही."

त्यानं हात जोडले नाहीत की आभार मानले नाहीत. उभा राहून म्हणाला, "कागद पाठवा साहेब. पण गुरुजींच्या देखत मला बोललात, ते पण मागं घ्या. कंपनी काय, आज हाय उद्या नाय. ऱ्हायचं मला या गावात हाय."

मी टोपी काढून बाकावर ठेवली आणि म्हणालो, "तू चोर नाहीस. खोटंही बोलला नाहीस. चूक माझी." तेव्हा कुठं तो खाली बसला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडला.

पुढं ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथं हाताखालच्या पोरांना बजावत राहिलो, की जागेवर जे दिसेल ते लिहा, निरुपयोगी काय ते तुम्ही ठरवू नका. ते शिकवायला सोपं होतं. आरोपी समजून ज्यांना वाटेल ते बोललो आणि जे पुढं निर्दोष निघाले, अशी माणसं त्या आधीही माझ्या हातून गेली होती. शब्द मागं घ्या म्हणायची हिंमत त्यातल्या या एकट्यानं केली. बाकीच्यांकडं मी आपणहून कधीच गेलो नाही.