जेवताना फक्त इंग्रजी

मुलांनो, तुमचे आजोबा अबोल नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण तीन रविवारांपूर्वी तुमच्या बाबाने तुम्हाला उलट सांगितलं आणि मी इकडे सुरतेत फोनसमोर बसून ते ऐकून घेतलं.

तुमच्याकडे डब्लिनला दुपारचं जेवण चाललं होतं, म्हणजे इथे संध्याकाळ. बाबाने फोन टेबलावर उभा करून ठेवला होता, त्यामुळे मला तुमची ताटं आणि हात नीट दिसत होते.

"आई, नवीन नियम केलाय," बाबा म्हणाला. "जेवताना फक्त मराठी. फ्रिजवर लिहून लावलंय. जो इंग्रजी बोलेल, भांडी त्याची."

"अरे वा!" मी म्हणाले. मला खरंच बरं वाटलं होतं.

धाकट्या, मी तुला विचारलं, "आज काय जेवतोस?"

"भात."

"आणि?"

"वरण."

"आणखी?"

तू ताटात शोधलंस. "अजून भात."

आपण सगळे हसलो. मग मी तुझ्या ताईकडे वळले. ताई, शुक्रवारी तू मला शाळेतून आल्या आल्या फोन केला होतास आणि इंग्रजीत चाळीस मिनिटं बोलली होतीस. तुझी मैत्रीण पोहण्याच्या वर्गात दुसऱ्या मुलींबरोबर जाऊ लागली, तुझ्याशी बोलत नाही, एवढं सगळं सांगितलं होतंस. म्हणून मी विचारलं, "मग, मैत्रीण बोलली का?" तू बाबाकडे पाहिलंस. काहीतरी जुळवायला लागलीस आणि सोडून दिलंस. "काही नाही, आजी." तू पोळी मोडायला लागलीस.

थोड्या वेळाने तू एकच पूर्ण वाक्य बोललीस. "आजोबा जेवताना काय बोलायचे?"

"आजोबा फारसे बोलत नसत," तुझ्या बाबाने सांगितलं. "शांत माणूस होते."

वरणाची चौकशी करून फोन ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एकटीचं जेवण असलं की हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता नीट, पहिल्यापासून सांगते.

तुमचे आजोबा धुळ्याकडचे. पलसाण्याच्या रस्त्यावर कापड रंगवायच्या मिली आहेत, त्यांतल्या एका मिलीत ते रंगखात्यावर देखरेख करायचे. सात-सव्वासातला मिलीची बस त्यांना उधन्याच्या नाक्यावर सोडायची. जिन्यातच त्यांचा आवाज सुरू व्हायचा. शेजारच्या बेनशी गुजरातीत, वॉचमनशी हिंदीत, आणि दार उघडलं की तुमच्या बाबाशी अहिराणीत, "काय व्हयनं रे आज शाळामा?" शाळेत काय झालं, एवढंच. पण उत्तर येईपर्यंत त्यांचीच गोष्ट सुरू झालेली असायची. कोणी हिरव्याच्या जागी निळा रंग ओतला, मालकाने कोणाला कसं झापलं, झापणाऱ्याचा आवाज, झापून घेणाऱ्याचं तोंड. नखांच्या कडांना त्या दिवशीचा रंग असायचा आणि त्यावरून तुमचा बाबा ओळखायचा, आज कुठलं कापड झालं ते.

मी इंग्रजी शाळेत शिकवत होते. माझं स्वतःचं शिक्षणही इंग्रजीतून, नाशिकला झालं. मला घरात कामं ठरलेल्या वेळी झालेली आवडायची, आणि प्रत्येक कामामागे काहीतरी हेतू असावा असं वाटायचं. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला होता. फुटपट्टीने रेघा मारून तीन रकाने केले होते. वेळ, काम, आणि तिसरा, 'कशासाठी'. शाळेतून आल्यावर स्वतःचा डबा स्वतः घासायचा: कोणावर अवलंबून राहू नये म्हणून. शनिवारी नखं आणि बूट: टापटीप राहावी म्हणून. संध्याकाळी पंधरा मिनिटं गॅलरीत नुसतं बसायचं: एकटं राहता यावं म्हणून. हे शेवटचं लिहिताना मला फार दूरचा विचार केल्यासारखं वाटलं होतं.

आजोबा तो तक्ता मोठ्याने वाचायचे. "मास्तरीणबाई, यात माझं नाव कुठल्या खान्यात?"

"तुम्ही मोठे आहात."

"म्हणजे मी बिघडलो तरी चालेल."

तुमचा बाबा दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. तो माझ्याच शाळेत होता. एकदा वर्गात उभा राहून त्याने बाईंना सांगितलं की त्याला भूक लागली आहे, आणि त्या एका वाक्यात हिंदी, गुजराती, अहिराणी सगळं होतं. वर्ग हसला. बाईंनी मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत सांगितलं आणि तिथेही सगळे हसले. सांगणारीच्या मनात वाईट नव्हतं. पण मी त्याच टेबलाशी बसले होते आणि माझ्या हातात माझा डबा होता.

त्या संध्याकाळी मी तक्त्यात एक ओळ वाढवली. रात्री आठ ते साडेआठ, जेवण. जेवताना फक्त इंग्रजी. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: जगात कुठेही जाता यावं म्हणून.

"मला कुठे येतं इंग्रजी?" आजोबा म्हणाले.

"येईल. तुम्ही बोललात तर तो बोलेल."

त्यांनी मान डोलावली. पहिल्या दिवशी ते अगदी ताठ बसले, घास गिळला आणि म्हणाले, "टुडे... रेड शेड... नॉट मॅचिंग." हे त्यांना मिलीतल्या कागदांमुळे येत होतं. पुढे काहीतरी गमतीचं असणार, कारण त्यांचे डोळे आधीच हसत होते. मी मध्येच त्यांचं वाक्य सुधारून दिलं, वर्गात मुलांचं सुधारते तसं. त्यांनी सुधारलेलं वाक्य पुन्हा म्हटलं. तुमचा बाबा खुदकन हसला. सात वर्षांचं पोर, त्याला काय कळणार! मला मात्र कळायला हवं होतं. लाल रंगाचं पुढे काय झालं ते मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते टेबलावर एकच वाक्य बोलायचे. "व्हेरी नाइस आमटी." भाजी असली तर व्हेरी नाइस भाजी. कारल्याचीही व्हेरी नाइसच. ते झालं की खाली मान घालून जेवायचे. तुमचा बाबा आणि मी बोलत राहायचो आणि त्याचं इंग्रजी महिन्या-महिन्याने सुधारत होतं. मी खूश होते.

साडेआठला तुमचा बाबा अभ्यासाला बसायचा, दार लावून. तेही तक्त्यात होतंच. मी ओटा आवरायचे आणि आजोबा गॅलरीत जायचे. शेजारच्या गॅलरीत बेनचा नवरा यायचा. तिथे आजोबा दिवसभराचं सगळं सांगायचे, गुजराती-अहिराणी मिसळून, नकला करून. तो माणूस कठड्याला धरून हसायचा. मला नळाच्या आवाजात शब्द कळायचे नाहीत, नुसतं हसणं ऐकू यायचं. एकदा मी विचारलं, "एवढं काय सांगता त्यांना?" ते म्हणाले, "काही नाही, मिलीतलं." मीही मग विचारायचं सोडलं. घरातला माणूस घरात सांगायच्या गोष्टी शेजाऱ्याला सांगतो आहे, हे रोज ऐकूनही मला खटकलं नाही. जेवणाच्या अर्ध्या तासाचा हेतू मी लिहून ठेवलेला होता ना.

हे दहा वर्षं चाललं. मग तुमचा बाबा शिकायला बाहेर गेला, तिथून आणखी बाहेर. तक्त्यात लिहिलं होतं तसंच झालं. तो स्वतःचं सगळं स्वतः करतो, टापटीप राहतो, जगात कुठेही जाऊ शकतो आणि गेला.

तो गेला त्या आठवड्यात आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो. मी म्हणाले, "आता बोला की मराठीत. नियम संपला."

आजोबांनी थोडा वेळ विचार केला. खरोखर प्रयत्न केला त्यांनी. मग म्हणाले, "अगं, जेवताना काही सुचतच नाही आता." आणि हसले. टीव्ही लावला.

ते जाईपर्यंत आम्ही टीव्हीसमोरच जेवलो. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. बेनचा नवरा भेटायला आला तेव्हा रडत रडत त्यांच्या नकला करून दाखवत होता. मिलीतल्या मालकाची, कुठल्याशा फोरमनची. मी त्यांतली एकही पाहिलेली नव्हती.

म्हणून मी मागच्या बुधवारी तुमच्या बाबाला एकट्याला फोन केला. म्हटलं, "तो फ्रिजवरचा कागद काढ."

"का? तुला तर आवडला होता."

"ताई जेवताना गप्प असते."

"शिकेल हळूहळू. मी नाही का शिकलो?"

"तू शिकलास. तुझे बाबा गप्प झाले."

मी त्याला हे सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. गॅलरीतलंही सांगितलं. त्याला गॅलरीतलं माहीतच नव्हतं. म्हणाला, "मला वाटायचं ते हवा खायला जातात." मग जरा चिडून म्हणाला, "पण आई, तू ते इंग्रजी लावून धरलंस म्हणून तर मी इथे आहे."

"हो. म्हणूनच तू तिथे आहेस."



"आणि मग यांना मराठी येणार कशी?" तो म्हणाला. "त्यांना तुझ्याशी बोलता यावं म्हणूनच करतोय मी हे."

मला ते माहीत होतं. तुमच्या मराठीची सर्वांत जास्त गरज मलाच आहे. इथे माझ्याशी मराठी बोलणारं आता कोणी उरलेलं नाही. भाजीवाल्याशी गुजराती, कामवालीशी हिंदी. ताई इंग्रजीत बोलते तेव्हा मी मागे टेकून बसते, शाळेतल्यासारखी, आणि ऐकते. धाकटा मराठीत 'अजून भात' म्हणतो तेव्हा पुढे सरकून बसते. हे मी बाबाला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मराठी दुसऱ्या वेळी शिकव. आंघोळीला, अंथरुणात, कुठेही. जेवताना नको."

"बघतो," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या वडिलांचा आहे आणि त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

काल रविवार होता. फोन लागला तेव्हा तुम्ही जेवायला बसलाच होतात. फ्रिज मला दिसत नव्हता आणि मी विचारलं नाही. ताई, मी तुला फक्त 'हॅलो' म्हणाले. तू म्हणालीस, "आजी, वन मिनिट, बाबाला काहीतरी सांगतेय," आणि त्या मैत्रिणीचं सांगायला लागलीस, इंग्रजीत, भरभर, हात हलवत. मध्ये धाकटा ओरडला, मध्ये तुमची आई काहीतरी म्हणाली, बाबा हसला आणि पोहण्याच्या मास्तरांचा आवाज काढून दाखवायला लागला. मी त्याला नक्कल करताना कधी पाहिलं नव्हतं. कोणाचा तरी हात लागून फोन आडवा झाला आणि मला छत दिसायला लागलं, पांढरं, एका कोपऱ्यात दिवा. तुम्ही कोणीच तो उचलला नाहीत. एक मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं.

इथे अंधार पडत आला होता. मी उठून दिवा लावला, पुन्हा येऊन बसले आणि तुमचं जेवण संपेपर्यंत ते छत बघत ऐकत राहिले.

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे बाबाला ते तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. गॅलरीतला भाग त्याने गाळला तर मागून घ्या.